गोळी गिळताना समोर बसणारा माणूस

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. विषय त्यांनीच दिला: दुसऱ्यासाठी विनामोबदला काही केलं की माणसाची स्वतःची तब्येत सुधारते, यावर अनुभवाचं लिहा. मी म्हटलं, "अहो, मी जन्मभर पगारी नोकरी केली. पहिल्या तारखेकडे डोळे लावून केली. सेवेचं मला काय विचारता?" त्यांना वाटलं, मी विनयाने बोलतोय. विनय माझ्या अंगात फारसा नाही, हे माझी बायको कोणालाही सांगेल. पण फोन ठेवला आणि डोळ्यांसमोर दोन म्हातारे आले. माझ्या नोकरीतलं एवढं एकच औषध असं, जे कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि जे मी लागू पडताना पाहिलं. म्हणून लिहायला बसलो.

मी आरोग्यसेवक होतो, महागाव तालुक्यात, फुलसावंगीच्या आजूबाजूच्या गावांत आणि तांड्यांवर. लोक आम्हाला मलेरियावाले म्हणायचे. ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचायची, काचेवर रक्ताचा थेंब पसरवायचा, विहिरीत पावडर टाकायची, भिंतीवर भेटीची तारीख लिहायची. विहिरीत पावडर पडली की बाया भांडायला हजर. "तुमच्या पावडरीनं डाळ शिजत नाई, बावा, आता तुमीच चुलीपाशी बसा." एक आजी मला लांबून पाहिलं की ज्वारीच्या कोठीमागे लपायची, आणि मी दुसऱ्या घरी गेलो की स्वतःच हाक मारून चहाला बोलवायची. बोट मात्र तिने मला शेवटपर्यंत दिलं नाही. पुढे पुढे बीपी आलं, साखर आली, क्षयाचं काम आलं. पिशवी वाढत गेली, पाय तेवढेच राहिले.

क्षयाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. त्याचं औषध चांगलं आहे. साधारण सहा महिने रोज घेतलं तर बहुतेक माणसं खडखडीत बरी होतात. अडचण अशी, की थोड्याच दिवसांत खोकला कमी होतो, भूक लागते, अंगावर मांस चढतं, आणि माणसाला वाटतं, झालं की आता. औषध मध्येच सोडलं की रोग मरत नाही, उलट निर्ढावतो, आणि मग तेच औषध त्याच्यावर चालत नाही. म्हणून पद्धत अशी, की रोग्याने गोळ्या कोणाच्या तरी समोर गिळायच्या. त्या समोरच्या माणसाला काही यावं लागत नाही. लिहिता येत नसलं तरी चालतं. त्याने यायचं, बसायचं, गोळी पोटात गेलेली पाहायची, आणि घरी जायचं. काम एवढंच, पण रोज.

रोज हा शब्द मी मुद्दाम लिहिला. एका तांड्यावर एक तरुण बाई होती. तिच्यासमोर बसायला तिची नणंद तयार झाली होती आणि दोघींचं चांगलं चाललं होतं. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. नणंद एका कारखान्याला गेली, ही दुसऱ्या. औषधं मी तिच्या गाठोड्यात बांधून दिली होती, पण समोर बसणारं कोणी दिलं नव्हतं, आणि ते माझ्या हातातही नव्हतं. उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या. तिचं पोर सासूच्या कडेवर होतं, ती नव्हती. त्या घरासमोरून जाताना माझी गाडी आपोआप जोरात पळायची.

आता श्यामराव. आमचं उपकेंद्र ज्या गावात होतं, तिथले. कापूस, सोयाबीन, तूर असं बरं शेत, जाणता मुलगा, मायाळू सून. पण गावात त्यांची ओळख शेतावरून नव्हती, वरणाच्या बादलीवरून होती. हनुमान जयंतीचा भंडारा असो, कोणाची तेरवी असो की शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण असो, वरण वाढणार श्यामराव. वाढण्यात फार कसब होतं असं म्हणवत नाही. अर्धं वरण पानाबाहेर जायचं, आणि नको म्हणणाऱ्याच्या भाताचं तळं व्हायचं. माझ्या पांढऱ्या पँटवर त्यांच्या वरणाचे डाग कायमचे आहेत. पण पंगत उठेपर्यंत हा माणूस खाली बसायचा नाही, आणि त्यांचा आवाज मांडवाच्या बाहेरपर्यंत ऐकू यायचा.

बायको वारली ते त्यांनी सोसलं. मग त्यांच्या छातीत कळ आली. नागपूरला नेलं, स्टेंट बसला, सुखरूप घरी आले. त्यानंतर त्यांच्यावर प्रेमाचा मारा सुरू झाला. मुलाने सांगितलं, बाबा, शेताकडे पाहायचं नाही. पुढच्या भंडाऱ्याला गावकऱ्यांनी त्यांचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, माइकच्या बाजूला खुर्ची टाकली आणि म्हणाले, "काकाजी, लय केलं गावासाठी. आता तुमी फक्त बसा." बादली दुसऱ्याच्या हातात गेली. मी त्या पंगतीत होतो. श्यामराव खुर्चीवर शाल पांघरून बसले होते आणि पंगतीतल्या पानांकडे पाहत होते. जेवले नाहीत. ज्याच्यावर जीव आहे त्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं आणि गळ्यात हार घालायचा, ही चूक आमच्याच लोकांना इतक्या मनापासून जमते.

तेव्हापासून माणूस बाजेला लागला. मी बीपी घ्यायला गेलो की आकडे पाहून मलाच धडकी भरायची. रात्री झोप नाही, जेवण चिमणीएवढं. सून वंदना मला एकदा अंगणात बाजूला घेऊन म्हणाली, "साहेब, बाबा गोळ्या घेत नाईत. काल कोंबड्याईच्या खुराड्यात सापडल्या." मी आत जाऊन रागावलो. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच म्हणाले, "गोळी घेऊन कोनतं काम कराचं हाये मले?"

मी विषय बदलला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, त्याची आठवण दिली. तर म्हणाले, "चालून जाऊ कुठी? बिनकामाचं फिराले मी काय सोडलेला वळू हाये?"

स्टेंट बसलेल्या माणसाने गोळ्या टाकणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. मला नीट कळलं, की हा माणूस मरायला बसला आहे, आणि घरचे त्याला उशा आणून देत आहेत.

त्याच दिवसांत नाल्यापलीकडच्या तांड्यावरचा नायक क्षयाचा निघाला. नायक म्हणजे बंजारा तांड्याचा पिढीजात प्रमुख. भांडण त्याच्यापुढे, सोयरीक त्याच्यापुढे. ताडमाड माणूस, पण खोकून खोकून पार वाळला होता. नियमाप्रमाणे तांड्यावरची आशा कार्यकर्ती त्याला रोज गोळ्या देऊ लागली. तिचं नाव कविता, कामाला एकदम चोख. काही आठवड्यांनी मी गेलो तर नायकाचा खोकला जसाच्या तसा.

मी विचारलं, "नायक, लघवीचा रंग कसा आहे?"

"आता हे काहून इचारता, साहेब? जसा असते तसाच हाये."

या औषधाने लघवी लालसर होते. न चुकता होतेच; झाली नाही, तर गोळी पोटात गेलेली नाही. मी कविताकडे पाहिलं. ती दाराआड, हातभर घुंगट ओढून, पाठ फिरवून उभी होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कविता त्या तांड्याची सून. नायक तिच्या सासऱ्याहूनही मोठा. त्याच्यासमोर ती तोंड उघडं टाकत नाही, त्याच्याशी थेट बोलत नाही, मग त्याच्या वासलेल्या तोंडात पाहणार कशी? ती उंबऱ्यावर वाटीत गोळ्या ठेवायची आणि पाठ फिरवायची. लोट्याचा आवाज आला की समजायची, घेतल्या. नायकाने मुकाट्याने कमरेची चंची सोडली. सुपारीच्या जोडीला सगळ्या गोळ्या होत्या.

"सुनेसमोर तोंड वासू काय मी?" तो म्हणाला. चूक म्हणावी तर दोघांची, आणि दोघंही मर्यादाच पाळत होते. घरात लहान नातवंडं होती. मला ऊसतोडीला गेलेली ती बाई आठवली.

तांड्यात नायकाचं नातं नाही असं घर सापडेना. नात्याबाहेरचा, रिकामा, रोज सकाळी येईल असा पुरुष पाहिजे होता. गाडीवरून परतताना नाला ओलांडला आणि डोळ्यांपुढे श्यामरावांची बाज आली.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमना मी दोघांचं सांगितलं. त्यांनी अटी घातल्या: बसायचं ते उघड्यावर, झाडाखाली, अंतर ठेवून, नायकाने तोंडावर गमछा बांधायचा आणि तो काढायचा फक्त गोळीपुरता, श्यामरावांनी सावकाश चालायचं, दम लागला की थांबायचं. मुलगा चिडला. "साहेब, आमी त्याइले अंगनात उतरू देत नाई, अन् तुमी तांड्यावर धाडता?" वंदनाने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जाऊ द्या त्याइले. इथं तरी कोनतं जगून राह्यले ते?" श्यामराव कुरकुरत उठले. त्यांना मी उपकार करायला सांगितलं नव्हतं. सांगितलं, माझी अडचण आहे, कोणी मिळेना. ते खरंही होतं.

पहिल्या दिवशी मीही गेलो. श्यामराव आयुष्यात त्या तांड्यावर गेले होते ते फक्त कापूस वेचायला बाया सांगायला. तांड्यावरचे लोक शेतमालकाला पाटीलच म्हणत; नायकाने कडुनिंबाखालून आवाज दिला, "या, पाटील. मजूर पाह्यजेत काय? हंगाम तं नाई."

"तू गोळी गिळतानी पाहाले आलो."

नायकाचा चेहरा उतरला. "माह्या तोंडात पाहाले येवढा पाटील कायले धाडला, साहेब?" मी काही बोलणार, तोच त्याचं लक्ष श्यामरावांच्या खिशाकडे गेलं. वंदनाने सकाळी आशेने तिथे गोळ्यांची पट्टी ठेवली होती, ती वर डोकावत होती. "हे काय हाये?"

"माह्या हायेत. छातीच्या."

"घेतली काय आजची?"

श्यामराव दुसरीकडे पाहू लागले. नायक जन्मभर पंचायतीत बसलेला माणूस, त्याला गप्प बसण्याचा अर्थ लगेच कळतो. त्याने मांडी ठोकली. "मंग पहिले तुमी घ्या. तुमी नाई तं मी बी नाई."

श्यामराव माझ्याकडे पाहत राहिले. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. शेवटी त्यांनी पाणी मागितलं. तांड्यावरचं पाणी ते पहिल्यांदाच पीत होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी गोळी गिळली. नायक म्हणाला, "आ करा." त्यांनी आ केला. मग नायकाने आपल्या गोळ्या एकामागून एक घेतल्या आणि आ केला. दोन्ही तोंडांत मिळून दात फारसे नव्हते. मला हसू आवरेना, म्हणून मी गाडी पुसायला गेलो.

असं सुरू झालं. दोघांनाही विचारलं तर दोघंही दुसऱ्याचंच गाऱ्हाणं सांगायचे. श्यामराव म्हणायचे, "मले काही हौस नाई, पन थो म्हातारा लबाड हाये, गेलो नाई तं चंचीत टाकते." नायक म्हणायचा, "पाटलाचा भरोसा नाई, साहेब. खुराड्यात टाकून राह्यलता म्हने." सकाळी उठायचं, दाढी करायची, धोतर नीट नेसायचं, नाला ओलांडून जायचं. श्यामराव आधी तीन ठिकाणी थांबायचे, मग एका ठिकाणी, मग नायकाला ऐकू जाईल अशी हाक मारत न थांबता जाऊ लागले. नायकाची लघवी लाल झाली, खोकला ओसरला. "आव, बेस," असं तो आपल्या गोर बोलीत म्हणायचा, आणि श्यामराव ये-बसचं आमंत्रण पुरं व्हायच्या आत बसायचे. अंगात थकवा आला की झोप येते आणि झोप आली की भूक लागते, यात मोठं शास्त्र नाही. बीपीचे आकडे उतरले. मॅडम म्हणाल्या, गोळ्या वेळेवर आणि रोजचं चालणं, त्याचा हा परिणाम. बरोबरच आहे. पण त्या गोळ्या घरात आधीही होत्या आणि रस्ताही आधीपासून तिथेच होता. पलीकडे कोणी वाट पाहत नव्हतं, एवढाच फरक होता.

हा उपाय रामबाण आहे, असं कोणी समजू नये. मला चढला होता उत्साह, म्हणून मी एका सेवानिवृत्त गुरुजींनाही असंच एका रोग्यासमोर बसवलं. गुरुजींनी रोग्याला शुद्धलेखन शिकवायला घेतलं, त्याच्या बिड्यांवर व्याख्यान दिलं आणि त्याच्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. आठवड्यात रोग्याने हात जोडले, आणि गुरुजींचं बीपी होतं त्याहून वर गेलं. ज्याला दुसऱ्याला सुधारायचंच आहे त्याने आपल्या घरी बसावं, हे मी त्यातून शिकलो.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सगळं फिसकटायची वेळ आली. नायकाला मळमळायला लागलं, उलट्या झाल्या. त्याने जाहीर केलं, खोकला गेला, आता गोळी नाही. कविताचा मला फोन आला. "साहेब, लवकर या. पाटील काका सकाळपासून झाडाखाली बसून हायेत. म्हनतात, हा घेनार नाई तं मी बी घेनार नाई. पोटात दाना नाई त्याइच्या."

मी गाडी काढली ती तशीच हाकली. हृदयाचा रोगी, उपाशी, गोळीविना, आणि त्याला तिथे बसवणारा मी. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले होते. श्यामरावांचे ओठ सुकले होते.

"काकाजी, निदान तुमची तरी घ्या," मी म्हणालो.

"त्याले इचारा."

नायक म्हणाला, "मी काय बांधून ठेवलं त्याले? जाय म्हना घरी."

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, दोघांना थोडं खायला घाला आणि मग गोळ्या द्या. मळमळीचं औषध पाठवते, आणि नायकाला उद्या इकडे आणा, तपासते. मी हे सांगितलं. नायक हलला नाही. तेव्हा घराच्या आडून कविताचा आवाज आला. घुंगट तसाच होता आणि रीतीप्रमाणे ती माझ्याशीच बोलत होती, पण आवाज साऱ्या तांड्याला ऐकू जाईल असा होता.

"साहेब, बाबाले सांगा, तांड्यात भांडन झालं तं बाबा दोघाइलेबी खाऊ घालून मंग निकाल देतात. आज बाबाच्या दारात पाहुना उपाशी बसला हाये. हे तांड्याले शोभते काय, इचारा त्याइले."

हाकेच्या अंतरावर बसलेल्या माणसाला हा निरोप मी पोचवायचा होता. मी म्हटलं, "नायक, सूनबाई विचारते..."

"आयकू आलं," नायक पुटपुटला. मग घराकडे तोंड करून ओरडला, "भाकर आना दोघाइची." भाकर आली, तुरीचं वरण आलं. वरण नायकाने स्वतः वाढलं आणि श्यामराव नको नको म्हणत असताना परत वाढलं. दोघांनी खाल्लं आणि दोघांनी गोळ्या घेतल्या. कविता दाराआड रडत होती.

सहा महिने पूर्ण झाले. थुंकी तपासली, स्वच्छ निघाली. नायक बरा झाला. नातवंडं सुखरूप होती. मला आनंद झाला आणि त्याच दिवशी काळजीही लागली. नायकाचं औषध संपलं, म्हणजे श्यामरावांचं काम संपलं. आता ते सकाळी कोणासाठी उठणार? मी दुसरा रोगी शोधू लागलो. रोगी नाही म्हणून हळहळणारा आरोग्यसेवक जिल्ह्यात मी एकटाच असेन.

माझ्या निवृत्तीचे दिवस जवळ आले होते. शेवटच्या फेरीत मी सकाळीच श्यामरावांकडे गेलो. बाज तिथेच होती आणि ते बाजेवर होते, तोंड भिंतीकडे. वंदना हळू आवाजात म्हणाली, "कालपासून असेच हायेत. गोळी ठेवली तशीच हाये." मला त्या बाजेकडे पाहवेना. एवढं करून आपण फक्त थोडे महिने पुढे ढकलले, असं वाटलं. मी उगाच पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं.

तेवढ्यात अंगणात काठी वाजली. डोक्याला पागोटं, अंगात धुतलेला सदरा, नायक दारात उभा होता. गावातल्या कोणत्याही पाटलाच्या घरात तो आजवर अंगणापुढे आला नव्हता. त्या दिवशी तो जोडा काढून सरळ आत आला आणि बाजेच्या काठावर बसला. वंदनाला म्हणाला, "बाई, दोन लोटे पानी आन. चालून आलो, मले बी पाह्यजे."

श्यामरावांनी मान वळवली. "तू कायले आला? तुह्या गोळ्या तं सरल्या."

"माह्या सरल्या. तुह्या कुठी सरल्या? तुह्या तं जलमभराच्या हायेत." नायकाने पट्टीतून गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "ऊठ. घे."

श्यामराव उठून बसले. गोळी घेतली. नायकाने वाकून तोंडात पाहिलं, मग आपला लोटा घटाघटा रिकामा केला, आणि काठी उचलत विचारलं, "आता सांग, उद्या तू येतो का मी येऊ?"